अकाळीं जागें झालेलें झाड

किडे खाऊन राहणाऱ्या एका परदेशी वनस्पतीच्या झोंपेचा विचार शेतकऱ्यांच्या मासिकांत करण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. या वनस्पतीपासून धान्य मिळत नाहीं, वैरण मिळत नाहीं, आणि बाजारांत हौशी बागवानांपलीकडे तिला गिऱ्हाईकहि नाहीं. तथापि फळझाडांच्या धंद्यांत ज्या एका समजुतीमुळें मोठमोठ्या बागाईतदारांचे हात पोळले आहेत, तिचा फोलपणा या लहानशा झाडांत इतका उघड दिसतो कीं, त्याची ओळख करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. ती समजूत अशी कीं, झाड लवकर जागें झालें म्हणजे हंगाम लवकर साधला. आमचें मत याच्या उलट आहे. वेळेपूर्वीं फुटलेला कोंब म्हणजे झाडानें आपल्याच सांठ्यांतून काढलेलें कर्ज होय, आणि तें फेडण्याचा प्रसंग बहुधा पुढच्या कडाक्याच्या रात्रींच येतो.

ज्या वनस्पतीविषयीं आम्ही लिहीत आहों ती सारासेनिया वंशांतील घटपर्णी होय. आपल्या देशांत मेघालयांतील खासी टेंकड्यांवर सांपडते ती घटपर्णी निराळ्या वंशाची. ती उबदार व दमट हवेंतली असून तिला हिंवाळ्याची अशी ठराविक झोंप लागत नाहीं. सारासेनियाचें मूळ घर उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांत आहे. जॉर्जिया, अलाबामा, फ्लॉरिडा आणि दोन्ही कॅरोलायना या संस्थानांतील पाणथळ माळांवर, लांब सुयांच्या पाइन वृक्षांच्या विरळ रानांत, तिच्या बहुतेक जाती वाढतात. जांभळी घटपर्णी म्हणून जी एक जात आहे ती मात्र उत्तरेस थेट कॅनडापर्यंत पोंचली आहे. ही जमीन वाळूची किंवा कुजलेल्या शेवाळाची, सदा ओली, आंबट, आणि नत्राच्या बाबतींत अगदीं कंगाल असते. म्हणून या झाडानें आपल्या पानांच्याच नळ्या केल्या आहेत. नळीच्या तोंडाशीं गोड स्राव पाझरतो, आंतील भिंत गुळगुळीत असते, आणि त्याखालीं तळाकडे वळलेले केंस असतात. गोडीच्या आशेनें आलेली माशी वा मुंगी घसरून खालीं पडते आणि तेथील रसांत विरून जाते. जें खत जमीन देत नाहीं तें झाड अशा रीतीनें मिळवितें.

परंतु हा सारा उद्योग वर्षांतून आठ-नऊ महिनेच चालतो. शरद ऋतूंत दिवस लहान व रात्री गार होऊं लागल्या कीं नव्या नळ्या येणें थांबतें, जुन्या वाळूं लागतात, आणि पिवळ्या घटपर्णीसारख्या जाती नळ्यांच्या ऐवजीं तलवारीच्या पात्यासारखीं चपटीं पानें धरतात. हीं पानें किडे पकडीत नाहींत. उन्हाच्या बळावर अन्न तयार करणें एवढेंच त्यांचें काम. जमिनीलगत आल्याच्या गड्ड्यासारखें जें आडवें खोड असतें, त्यांत वर्षाची शिल्लक भरून ठेवलेली असते. तीन ते चार महिने झाड असें निजून राहतें. वरून पाहणारास तें मेलें असें वाटतें, पण आंत तें थंडीचा हिशेब मोजीत असतें. पुरेशी थंडी पदरांत पडल्यावरच त्याचे डोळे उबेला नीट जाब देतात. मग वसंतांत बहुतेक जातींस प्रथम फूल येतें आणि नळ्या मागाहून उघडतात. ज्या माश्यांनीं पराग वाहून न्यावयाचे त्यांनाच गिळून टाकूं नये, एवढ्यासाठीं निसर्गानें हा क्रम लावला असावा, असा वनस्पतिशास्त्रज्ञांचा तर्क आहे.

आतां अकाळीं जाग येते ती कशी तें पाहूं. थंडीचा वांटा पुरा झाला कीं झाड बहुतांशीं उबेचीच वाट पाहत असतें. अशा वेळीं जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारींत आठ-दहा दिवस हवा तापली तर डोळा फसतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीपाशीं ठेवलेल्या कुंडींत हें सर्वांआधीं घडतें. कारण कुंडींतील मूठभर माती लवकर तापते व तितक्याच लवकर गोठते, उलट माळाची ओली जमीन दोन्ही गोष्टींस वेळ लावते. कळीचा दांडा वर येतो आणि मालकास आनंद होतो. नंतर एके रात्रीं उत्तरेचा वारा सुटतो, पारा शून्याखालीं उतरतो, आणि जी थंडी निजलेल्या गड्ड्यानें सहज सोसली असती तीच कोंवळ्या दांड्यांतील रस गोठवून त्यास काळा करून टाकते.

एवढ्यानें झाड बहुधा मरत नाहीं. गड्ड्यांतील शिल्लक काढून तें पुन्हां पानें फोडतें. परंतु एका डोळ्यास वर्षांतून सामान्यतः एकच फूल येत असल्यामुळें त्या वर्षाचें बीं गेलें. आणि ज्या शिलकेवर पहिल्या जोमदार नळ्या उभ्या राहावयाच्या तिचा कांहीं भाग फुकट खर्च झाला. कडाका न पडतां नळ्या सुखरूप उघडल्या, तरी हवेंत अजून किडे नसतील तर त्या रिकाम्याच उभ्या राहावयाच्या. असें वर्षानुवर्षें घडत गेलें म्हणजे गड्डा खंगत जातो. ज्याचें नुकसान एका दिवसांत दिसत नाहीं, अशा रोगासारखा हा प्रकार आहे.

याच जॉर्जिया संस्थानांत पीचच्या मोठमोठ्या बागा आहेत, आणि तेथें हीच गोष्ट पैशांच्या भाषेंत वाचावयास मिळते. पीचच्या झाडाससुद्धां सुमारें ७ अंश सेंटिग्रेडच्या खालील थंडीचे तास मोजून लागतात. तेथील बहुतेक जातींस असे ६५० ते ८५० तास हवे असतात. सन २०२३ च्या आरंभीचा हिंवाळा उबदार गेला. थंडीचे तास अपुरे पडले, फेब्रुवारीच्या उबेनें झाडें लवकर फुललीं, आणि मार्चमध्यें कडाका पडला. त्या वर्षीं संस्थानांतील पीचचें नव्वद टक्क्यांहून अधिक पीक बुडालें.

त्यापूर्वीं सन २०१२ मध्यें मिशिगन संस्थानांत असाच प्रसंग आला. मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरील फळबागा त्या सरोवराच्या भरंवशावर लावलेल्या आहेत. थंड पाण्यावरून येणारा वारा वसंतांत झाडांस उशिरां जागें करतो, ही तेथील जुनी सोय. परंतु त्या वर्षींच्या मार्चमध्यें पारा २७ अंशांच्या वर चढला, आणि सफरचंद व आंबट चेरी यांचीं झाडें कित्येक आठवडे आधीं फुटलीं. एप्रिलमधील हिमरात्रींनीं दोन्ही पिकांचा सुमारें नऊ-दशांश भाग नेला. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, एप्रिलमधील थंडी त्या प्रांतास कांहीं नवी नव्हती. दर वर्षीं त्या सुमारास झाडें निजलेलीं असत, म्हणून ती सोसली जाई. या वर्षीं तीं जागीं होतीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हवामानच जर उबदार होत चाललें आहे, तर थंडीहि लवकर संपेल, वाढीचा हंगाम लांबेल, आणि आधीं जागें होणारें झाडच पुढें जाईल. मग भीति कसली? या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु झाड जागें होतें तें चार दिवसांच्या उबेनें, आणि मरतें तें एका रात्रीच्या थंडीनें. सरासरी पुढें सरकली म्हणून शेवटची कडाक्याची रात्र तितक्याच इमानानें मागें हटेल, अशी हमी कोणींहि देऊं शकत नाहीं. सरासरीवर हिशेब मांडतां येतो. पीक मात्र त्या एका रात्रीवर अवलंबून असतें.

निसर्गांतील सर्वच जीव उबेवर विश्वास ठेवीत नाहींत, याचें एक उदाहरण या घटपर्णीच्या पोटांतच आहे. जांभळ्या घटपर्णीच्या नळींत पावसाचें पाणी सांठतें, आणि त्या पाण्यांत एका जातीच्या लहानशा डासाच्या अळ्या वाढतात. त्या अळ्या हिंवाळा नळींतच निजून काढतात. परंतु केव्हां निजावें हें त्या दिवसाच्या लांबीवरून ठरवितात. सूर्य कधीं खोटें बोलत नाहीं, म्हणून चार दिवसांच्या उबेनें त्या फसत नाहींत. ब्रॅडशॉ व होल्झॅप्फेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं या डासाचें वर्षानुवर्षें निरीक्षण केलें, आणि सन २००१ मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, उत्तरेकडील डास सन १९७२ मध्यें ज्या सुमारास निजत, त्याहून सन १९९६ मध्यें सुमारें नऊ दिवस उशिरां निजूं लागले होते. आणि हा बदल त्यांच्या रक्तांत उतरलेला, म्हणजे आनुवंशिक होता. ऋतु बदलत आहेत याची साक्ष यांत आहेच. पण डासाची एक पिढी थोड्याच काळाची. घटपर्णीचा गड्डा कित्येक वर्षें जगतो, आणि आपण लावलेलें फळझाड आपल्या मुलांच्या हयातीपर्यंत उभें राहावें अशी आपली इच्छा असते. डासाला जें चोवीस वर्षांत साधलें तें झाडास त्याच मुदतींत साधेल, असें धरून चालतां येणार नाहीं.

अकाळीं जागी झालेली घटपर्णी पाहिल्यावर हौशी बागवान सहसा दोन चुका करतात. पहिली ही कीं, दया येऊन कुंडी उबेच्या खोलींत आणून ठेवावयाची. त्यामुळें कोंब झपाट्यानें वाढतो, पण खोलींतील अपुऱ्या उजेडांत तो लुळा होतो आणि उरलेली शिल्लकहि संपते. ज्यांनीं हें झाड बारा महिने घरांतच उबेंत ठेवलें, त्यांचा अनुभव बहुधा असा कीं, एक-दोन वर्षें झाड हिरवेंगार दिसलें आणि पुढें गळून गेलें. दुसरी चूक खत घालण्याची. तें या झाडाच्या मुळांस मुळींच मानवत नाहीं. योग्य उपाय साधाच आहे. कुंडी बाहेरच, पण थंड व उजेडाच्या जागीं ठेवावी. भिंतीच्या उबेपासून दूर न्यावी. माती ओलसर राखावी. कडाक्याच्या रात्रीं वरून पाइनच्या सुया किंवा जाड कापड घालावें, आणि सकाळीं तें काढून घ्यावें, नाहीं तर त्याच पांघरुणाची ऊब झाडास आणखी जागें करील. चपटीं हिरवीं पानें कापूं नयेत. शिलकेंत भर घालणारीं तेवढींच असतात.

आमच्याकडे बर्फ नाहीं, म्हणून हा प्रश्न आमचा नव्हे, असें मात्र कोणी म्हणूं नये. नागपुरी संत्र्यास आंबे बहारासाठीं आपण पाणी तोडून ताण देतों, तो दुसरें काय आहे? झाडास निजवावयाचें, त्यास सांठा करूं द्यावयाचा, आणि मग पाणी देऊन एकदम फुलवावयाचें. ताण पुरा होण्यापूर्वींच अवकाळी पाऊस झाला तर बहार तुटक येतो, हें प्रत्येक संत्रेवाला जाणतो. नाशिक जिल्ह्यांतील बागलाण तालुक्यांत द्राक्षांची आगाप छाटणी करून लवकर माल काढण्याची रीत आहे. त्यास भाव चांगला येतो, यांत संशय नाहीं. पण पावसानें घोंस धुतले तर तोटाहि तसाच भारी. जो बागाईतदार हा जुगार डोळे उघडे ठेवून व पदरीं शिल्लक राखून खेळतो, त्यास आम्ही दोष देत नाहीं. जो शेजाऱ्याची बाग आधीं फुटली म्हणून आपल्याहि झाडास घाईनें उठवितो, त्याच्याविषयीं मात्र आम्हांस काळजी वाटते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. आपल्या सभासदांपैकीं प्रत्येकानें एक वही घालावी, आणि तींत दर वर्षीं चार तारखा टिपून ठेवाव्या: पहिला डोळा कोणत्या दिवशीं फुटला, पहिलें फूल कधीं आलें, शेवटची कडाक्याची रात्र कोणती, आणि अवकाळी पाऊस कधीं पडला. एका वर्षाच्या नोंदीनें कांहीं कळणार नाहीं. दहा वर्षांच्या नोंदीनें आपल्या रानांतील झाडें लवकर जागीं होऊं लागलीं आहेत कीं काय, याचा निवाडा करतां येईल. नवी बाग लावतांना जातीची निवड केवळ तिच्या आगापपणावर करूं नये. ती उशिरां फुलते कीं नाहीं, तिला विश्रांति किती लागते, हेंहि रोपवाटिकेच्या मालकास विचारावें. थंड हवा खालीं उतरून सांचते, यासाठीं खोलगट जागा फळबागेस टाळावी. आणि आपल्या प्रदर्शनांत सर्वांत आधीं आलेल्या फळास जसें बक्षीस देतात, तसेंच सलग दहा वर्षें भरवंशानें फळ देणाऱ्या झाडाच्या मालकासहि द्यावें. त्या मालकानें झाडास पुरतें निजूं दिलें असेल, एवढें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.