शहागडचे इंटरनेट आणि १८८५ ची कळ

धुळे–सोलापूर महामार्ग जेथे गोदावरी ओलांडतो, तेथे अंबड तालुक्याच्या टोकाला शहागड आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षण आंदोलनामुळे अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद करण्यात आले. नेट न्यूट्रॅलिटीच्या इतिहासात ही घटना सहसा येत नाही. ती यायला हवी.

‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द २००३ मधला, कल्पना मात्र तारयंत्राच्या काळातली. १८६० च्या अमेरिकन कायद्याने सांगितले, की तारा ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने, निःपक्षपातीपणे पाठवाव्यात. अपवाद एकच: सरकारी तारांना अग्रक्रम. म्हणजे समानतेचा नियम लिहितानाच सरकारने स्वतःला त्यातून वगळले होते.

भारतात १८८५ च्या तार कायद्याने आणीबाणीच्या प्रसंगी संदेश रोखण्याचा अधिकार सरकारला दिला. (त्या वेळी शहागड निजामाच्या राज्यात होते, इंग्रजांची ही कळ तेथे पोहोचली ती स्वतंत्र भारतात.)

२०१५ मध्ये फेसबुकचे ‘फ्री बेसिक्स’ आले. गरिबाला काही निवडक संकेतस्थळे फुकट मिळतील, असा युक्तिवाद होता. खेड्याला खिडकी आणि शहराला अंगण, हा त्याचा खरा अर्थ. ट्रायकडे लाखो ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी आली; भंग केल्यास दिवसाला ५०,००० रुपये दंड. हा विजय योग्यच होता, पण तो कंपन्यांपुरता राहिला. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, १८८५ च्याच कायद्याखाली इंटरनेट बंद करण्याचे नियम झाले, तेव्हा तेवढा गलका झाला नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुना कायदा मोडीत काढला. हा अधिकार मात्र जपून ठेवला.

सरकारची बाजू पोकळ नाही. त्या दिवशी जालना जिल्ह्यात एसटी बस जाळली गेली होती आणि अफवा आगीहून वेगाने पसरते. परंतु इंटरनेट बंद झाल्यावर अफवा तोंडी फिरतच राहते. अडतो तो तिचा खुलासा. शिवाय तीन जिल्ह्यांतला दुकानदार, परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी आणि बस जाळणारा, सगळे एकाच मापाने मोजले जातात.

बंदीचा आदेश प्रसिद्ध करावा आणि ती गरजेपुरतीच असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजीच बजावले आहे. तो आदेश कारणांसह, मराठीत, शहागडच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे, आणि तोही इंटरनेट बंद होण्याआधी.