सायकल स्वस्त झाली, दुरुस्तीचे काय?

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ग्राहकाला दिलासा मिळाला. पण कर सर्वांसाठीच उतरल्यामुळे गल्लीतले दुकान आणि मोठे सवलतीचे दालन यांच्या किमतींतील अंतर कायम राहिले.

सुरतेत या अंतराला वेगळा अर्थ आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमाग आणि कापड-रंगाईच्या कारखान्यांतला कामगार राहतो. खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबेही येथे मोठ्या संख्येने आहेत. या कामगाराची सायकल हौसेची नव्हे, पाळीवर पोहोचण्याची असते. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 45 टक्के कुटुंबांकडे सायकल होती, हे शहरी चर्चेत सहज विसरले जाते.

मोठ्या दालनांची स्वस्ताई ही लबाडीच असते, असे नाही. 2012 मध्ये एकल ब्रँडच्या किरकोळ विक्रीत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा मिळाली. डेकॅथलॉनसारखी कंपनी स्वतःच्या ब्रँडचा माल थेट स्वतःच्या दालनात विकते. लहान दुकानदाराचा माल मात्र लुधियानाहून वितरकामार्फत येतो आणि प्रत्येक टप्प्याचा नफा किमतीत मिसळतो. ऑनलाइन सवलतींचा प्रश्न निराळा. परकीय भांडवलावर चालणाऱ्या बाजारमंचांनी मालाच्या किमतीवर प्रभाव टाकू नये, असा नियम आहे. 1 फेब्रुवारी 2019 पासून तो अधिक कडक झाला. स्पर्धा कायद्याखाली तोटा सोसून विक्रीची तक्रार करायची, तर आधी त्या कंपनीचे बाजारातील वर्चस्व सिद्ध करावे लागते. एकट्या दुकानदाराच्या आवाक्यातली ही लढाई नव्हे.

खरी मेख फिटिंगमध्ये आहे. ऑनलाइन घेतलेली सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पेडल बसवणे, ब्रेक लावणे, चाकाचा आऊट काढणे यासाठी ग्राहक शेवटी त्याच दुकानात जातो, जिथून त्याने खरेदी टाळली. काही दुकानदार रागाने अशी सायकल परत पाठवतात. राग समजण्याजोगा आहे, धोरण चुकीचे. आजवर पंक्चर, चेन, ब्रेकची मजुरी कमी ठेवता आली, कारण नव्या सायकलीच्या विक्रीतला नफा कारागिराचा पगार पेलत होता. विक्री गेली की मजुरी वाढवणे किंवा कारागीर कमी करणे, एवढेच उरते. दुरुस्ती मोठ्या दालनांतही होते. पण पहाटेच्या पाळीआधी तुटलेली चेन तिथवर ढकलत कोण नेणार?

म्हणून दुकानदारांनी किमतीत शर्यत लावण्यापेक्षा फिटिंगचा वेगळा, वाजवी दर फलकावर लावावा आणि चार-पाच जणांनी मिळून लुधियानाहून एकत्र खरेदी करावी. खोक्यात सायकल विकणाऱ्यांनी जवळच्या दुकानाशी करार करून फिटिंगचा खर्च विक्रीच्या किमतीतच धरावा, अशी अट सरकारने घालायला हवी. मग ऑनलाइन किंमत आजच्याइतकी कमी दिसणार नाही, आणि म्हापसा-मडगावच्या ग्राहकालाही दोन्हींची तुलना खऱ्या आकड्यांवर करता येईल.