भाराभर चिंध्या?

परवा नातवाने नोकरी सोडून फोटोग्राफी शिकायचं काढलं आणि सवयीने माझ्या तोंडून निघालंच, "एक ना धड भाराभर चिंध्या!" डोंबिवलीच्या शाळेत किती मुलांना हे ऐकवलं असेन... नातू म्हणाला, "आजोबा, मग मिलिंद सोमणचं काय?"

मला तो आठवतो १९९८च्या 'कॅप्टन व्योम' मालिकेतला. दूरदर्शनवर विज्ञानकथा, आणि अंतराळवीर आपला मराठी मुलगा! पण त्याआधी तो पोहण्यात राष्ट्रीय विजेता, मग मॉडेल, १९९५ साली 'मेड इन इंडिया' गाण्यात झळकलेला. पुढे २००९चा मराठी 'गंध', २०१५चा 'बाजीराव मस्तानी'. त्याच वर्षी, वयाच्या ४९व्या वर्षी, झुरिकची आयर्नमॅन शर्यत पुरी केली. २०२५च्या 'इमर्जन्सी'त सॅम माणेकशॉ.

ह्यात चिंधी कुठली? किती गोष्टी केल्या ह्यापेक्षा प्रत्येकीसाठी घाम किती गाळला, ते महत्त्वाचं, असं आता वाटतं. नातवाला म्हटलं, "नीट शिकणार असशील तर शीक बाबा."

पण वर्गातल्या त्या मुलांना आता कुठे गाठून सांगू?