घरगुती शास्त्र : अक्काच्या मोबाइलांत मावेल एवढी मुंज

गेल्या वैशाखांत गंगाखेड येथें आमच्या घरीं मौंजीबंधनाचें कार्य झालें. बटु म्हणजे आमचे वडील बंधु नाना यांचा नातू. गोदातीरीं, जनाबाईच्या जन्मगांवीं हें कार्य व्हावें ही नानांची जुनी इच्छा होती, व ती सिद्धीस गेली. उणीव एकच राहिली. आमची थोरली बहीण अक्का जिंतूर तालुक्यांत येलदरीच्या बाजूस एका खेड्यांत राहते. वय ब्याऐंशी, गुडघे निकामी, एका डोळ्यांत मोतीबिंदु. तिला येववलें नाहीं. "मला मातृभोजन तेवढें दाखव रे बाळ," असा तिचा निरोप आला. आमचें वय सहासष्ट. परंतु तिच्या लेखीं आम्ही बाळच.

छायाचित्रकारानें ऐंशीं मिनिटांचें चित्रण संगणकावर जुळवून दिलें, तें भरलें बारा जीबी. धाकट्या पुतण्यानें त्यांतील कांहीं भाग एचईव्हीसी नामक नव्या पद्धतीनें बारीक करून अक्काकडे धाडला. तिच्या स्वस्त मोबाइलवर मंत्र ऐकूं आले, पडदा मात्र काळाच. मग त्यानें तोच भाग व्हॉट्सॲपवर नेहमींसारखा व्हिडिओ म्हणून पाठविला. त्या ॲपनें आपल्या मतानें तो पिळून काढला आणि पंगतींतील सारे चेहरे भिजविलेल्या कणकेसारखे झाले. अक्का म्हणाली, "आवाजावरून नाना ओळखला, बाकी सारीं भुतें."

तेव्हां आम्हीं पुतण्यास शेजारीं बसवून हें प्रकरण मुळापासून समजून घेतलें. वाचकांच्या घरींही असा प्रसंग येतच असेल, म्हणून त्याचा विस्तार येथें करीत आहों.

प्रथम त्रैराशिक. ज्यास फुल एचडी म्हणतात त्या चित्रांत आडवे 1920 व उभे 1080 ठिपके, म्हणजे एकूण 20,73,600. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास तीन बाइट व सेकंदास पंचवीस चित्रें धरलीं तर एका सेकंदास साडेपंधरा कोटींहून अधिक बाइट, आणि तासास सुमारें 560 जीबी! एवढें ओझें कोणत्याही घरीं मावणार नाहीं. म्हणून कॅमेरा स्वतःच चित्रण आवळून ठेवितो, आणि संपादन झाल्यावर एक्स्पोर्ट करितांना आपण तें पुन्हा आवळतों.

हें आवळणें कसें होतें, तें समजण्यास आम्हांस पाणिनि उपयोगी पडला. अष्टाध्यायींत सुमारें चार हजार सूत्रें आहेत. एका सूत्रांत आलेलें पद पुढील सूत्रांत पुन्हा न उच्चारतां गृहीत धरावयाचें, यास अनुवृत्ति म्हणतात. चलच्चित्राचेंही तसेंच. एक चित्र पूर्ण लिहावयाचें. पुढील चित्रांत भिंत, मांडव, चौरंग जेथल्या तेथें असल्यास ते पुन्हा लिहावयाचे नाहींत, हललेला हात तेवढा लिहावयाचा. वाक्य नवें सुरू व्हावें तसें मधून मधून पुन्हा एक पूर्ण चित्र घालतात. आधींचें सूत्र विसरलेल्या विद्यार्थ्याचा जो गोंधळ उडतो, तोच पूर्ण चित्र हरवलें असतां पडद्यावर उडतो. वैयाकरणास अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद होतो असें म्हणतात. ह्या संगणकवाल्यांची जात तीच!

दुसरी युक्ति डोळ्याच्या स्वभावाची. उजेड-अंधाराचा भेद डोळ्यास जितका बारीक कळतो तितका रंगाचा कळत नाहीं. म्हणून चार ठिपक्यांस मिळून रंगाची एकच नोंद ठेवितात, आणि निम्मा भार तेथेंच उतरतो. तिसरी युक्ति गणिताची. चित्राचे लहान चौकोन पाडून त्यांतील सावकाश बदलणारा भाग राखावयाचा व अतिसूक्ष्म भाग टाकावयाचा. हें गणित बंगळूर येथें जन्मलेले नासिर अहमद यांनीं टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 सालीं प्रसिद्ध केलें. टाकलेलें सूक्ष्म मात्र परत येत नाहीं.

आतां कृति. पद्धति निवडितांना समोरच्या माणसाचा मोबाइल पहावा, आपला नव्हे. 2013 ची एचईव्हीसी थोड्या जागेंत अधिक मावविते खरी, परंतु 2003 ची एच.264 बहुतेक प्रत्येक मोबाइलास वाचतां येते. तीच घ्यावी, व फाइल एमपी-4 ठेवावी. अक्काच्या पडद्याची रुंदी 720 ठिपक्यांची, म्हणून 1280 बाय 720 पुरे. चित्रास सेकंदाला दोन मेगाबिट आणि आवाजास 128 किलोबिट दिले. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून मिनिटास सुमारें सोळा एमबी पडतात. ज्यांस हा हिशेब नको, त्यांनीं हँडब्रेक ह्या फुकट मिळणाऱ्या साधनांत गुणवत्तेचा आंकडा वीस-बाविसाच्या आसपास ठेवावा. आंकडा जितका लहान तितकें चित्र चांगलें आणि फाइल मोठी. सेकंदास किती चित्रें, हें मूळचेंच राहूं द्यावें.

इतकें करूनही ऐंशीं मिनिटांचें सव्वा जीबीवर गेलें. अक्काला गच्चीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाहीं, आणि तिला गच्ची चढवत नाहीं. शेजारचा मुलगा मोबाइल वर नेऊन ठेवितो. शेवटीं कात्रीच चालविली. सत्कार, आहेर, पंगतीचे फेरे काढून वीस मिनिटें राखलीं, तीं 320 एमबी झालीं. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास ॲप चित्रास हात लावीत नाहीं, व 2022 पासून तेथें दोन जीबीपर्यंतची फाइल चालते. त्याच रात्रीं अक्काचा फोन आला. मातृभोजन तिनें तीनदां पाहिलें होतें.

भाद्रपदांत नाना गेले.

देवघराजवळ लावण्यास अक्काला त्यांचा मोठा फोटो हवा होता; मुंजींतला, हंसरा. मूळ चित्रण काढावयास गेलों तों पुतण्यानें जागा करण्यासाठीं तें बारा जीबी पुसून टाकलेलें. छायाचित्रकाराकडील डिस्कवर नंतरचीं तीन लग्नें चढलेलीं. पुतण्यास आम्ही रागें भरलों, पण "आतां पाठविलें ना अक्काआत्याला, मूळ कशाला हवें" हें त्याच दिवशीं आम्हींच म्हटलें होतें, हें त्यानें नम्रपणें स्मरण करून दिलें. राहिली ती आमची वीस मिनिटें. त्यांतलें एक चित्र निवडून छापून घेतलें, आणि स्वतः एस.टी.नें जाऊन पोंचविलें.

अक्कानें तें खिडकीशीं नेऊन बऱ्या डोळ्यानें पुष्कळ वेळ न्याहाळलें. "नानाच आहे," ती म्हणाली. मग कांचेवरून बोट फिरवून म्हणाली, "पण त्याच्या भुवईवरचा तीळ रे बाळ? तो कुठें गेला?"