भीमाची बंडी

केळझरच्या सिद्धिविनायकाच्या पायऱ्या उतरताना आमच्या पुढं एक आजी आणि तिची सहा-सात वर्षांची नात चालली होती. आजी सहज म्हणाली, "इथंच भीमानं बकासुर मारला वं बाई." पोरगी थबकली. "छोट्या भीमानं?"

"छोटा कायचा? बंडीभर भात एकट्यानं खाल्ला त्यानं!"

आणि आजीनं गोष्ट सुरू केली. महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे आपलं केळझर, ही या भागातली जुनी समजूत. नागपूर-वर्धा रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही ती कधी ना कधी कानावर पडलेली असते. आम्हीही ती ऐकलेली होती, पण एका ओळीची, माहितीफलकावर असते तशी. आजीची गोष्ट पायऱ्यांपासून बस थांब्यापर्यंत पुरली. आम्ही परवानगी विचारली आणि फोनवर ती टिपून घेतली. अकरा मिनिटांची आहे.

त्यातली एक जागा आम्ही कितीदा ऐकली असेल. बकासुराकडं न्यायची बंडी भरली आहे. भात, वरण, वांग्याची भाजी, पोळ्यांची चवड. भीम बंडी हाकत रानात जातो. "मंग भीमानं काय केलं? बंडी सोडली, पहिले बैलाले चारा टाकला, आन् मंग सोता बसला जेवाले." व्यासांच्या आदिपर्वात हे नाही. तिथं गाडाभर भात, तो ओढणारे दोन रेडे आणि तो घेऊन येणारा माणूस असं सगळं मिळून बकासुराचं जेवण ठरलेलं आहे. गाडा ओढणारी जनावरं तिथं राक्षसाच्या ताटातली. आमच्या सेलू तालुक्यातल्या आजीच्या गोष्टीत मात्र भीम भुकेला असूनही अगोदर बैलांचं बघतो, कारण दिवसभर औत हाकून आलेला इथला माणूस तेच करतो. हा बदल कोण्या पंडितानं केलेला नाही. कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर तो झाला आणि तोंडातोंडी इथवर आला. मिथकं जिवंत असतात म्हणजे काय, हे आम्हांला त्या एका वाक्यानं शिकवलं.

नातीच्या प्रश्नाचाही आम्हांला राग नाही. 2008 पासून टीव्हीवर असलेला ढोलकपूरचा लाडू खाणारा भीम तिच्या वयाच्या पोरांचा सोबती आहे. त्याआधी आमच्या पिढीनं 2 ऑक्टोबर 1988 पासून रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसून महाभारत पाहिलं. गावात ज्यांच्याकडं टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडे. त्या मालिकेनं घराघरात कथा पोचवली, हे खरंच. पण ती सगळ्यांना एकच भीम देऊन गेली, एका चेहऱ्याचा आणि हिंदी बोलणारा. त्यानंतर केळझरचा भीम, बंडी सोडून बैलाला चारा टाकणारा, ऐकायला कोणी उरलं नाही. आजीजवळ गोष्ट होती. हुंकार देणारं कोणी नव्हतं.

हुंकार ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडं कहाणी सांगणारा एकटा कधी सांगत नाही. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला "हं" म्हणायचं असतं. हुंकार थांबला की सांगणारा विचारतो, झोपलं का रे? छापखाना, रेडिओ, कॅसेट, टीव्ही, मोबाइल या सगळ्यांनी सांगणाऱ्याचा आवाज जपला. त्यांना हुंकार जपता आला नाही. भाषा टिकवायची म्हणून आपण जे जे करतो, त्यात हीच जागा रिकामी राहते, असं आम्हांला वाटतं.

घरचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या आत्याला भुलाबाईची गाणी मुबलक येत. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज एका घरी ती पोरींना घेऊन बसे. एका वर्षी टेपरेकॉर्डर आणून आम्ही तिची गाणी भरून घेतली. एक बाजू पूर्ण, दुसरी अर्धी. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नसे. आम्ही त्या मोडल्या नाहीत. दोन वर्षांनी घरातल्याच कोणीतरी तिच्यावर सिनेमातली गाणी भरली. शेवटी आत्याच्या आवाजातल्या अडीच ओळी तेवढ्या उरल्या. आत्या गेली तेव्हा भुलाबाई मांडणाऱ्या घरातल्या पोरींना ती गाणी येत नव्हती, कारण कॅसेट आहेच, या भरवशावर कोणी ती शिकलंच नव्हतं. कॅसेट पुसली गेली याचं दुःख आहेच. गाणी भरून घेतली त्याच वर्षापासून आम्ही ती म्हणायचं सोडलं, याचं त्याहून जास्त आहे.

भीमाचं आणखी एक घर आपल्या वर्धा जिल्ह्यात आहे, कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर. भिमायक हा त्यांचा मोठा देव. कोलामी ही मराठीची बोली नव्हे, ती द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा. तेलुगूत पाण्याला नीरु म्हणतात, कोलामीत ईर. एवढ्या एका शब्दावरून तिचं गोत कळतं. 1930 नंतरच्या दशकात मरे एमेनो हे भाषाशास्त्रज्ञ भारतात आले आणि त्यांनी वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांची बोली लिहून घेतली. 1955 साली कॅलिफोर्निया विद्यापीठानं तिच्यावरचं त्यांचं पुस्तक छापलं. पुढं टी. बरो यांच्यासोबत त्यांनी द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश केला. त्यात वर्ध्याची कोलामी तमिळ-तेलुगूच्या ओळीत मानानं बसलेली आहे. तो कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतो. म्हणजे इथला एक ईर शब्द इथून कॅलिफोर्नियाला गेला, तिथून शिकागोच्या संगणकात आणि तिथून पुन्हा पोडावरच्या पोराच्या मोबाइलच्या पडद्यावर. पण त्या पोराला कोणी सांगितलंय का, की तुझी आजी पाणी मागताना जो शब्द वापरते तो तिथं आहे?

एमेनो भारतात आले त्याच दशकात, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी, याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत शिक्षण आणि तेही मातृभाषेतून, असा ठराव तिथं झाला. नई तालीम म्हणून तो देशभर गेला. गांधीजींच्या शब्दाला वर्धेकर आजही मान देतात, म्हणून हे कळकळीनं लिहितो: मातृभाषा या शब्दात कोलामी येते, गोंडी येते, वऱ्हाडी येते. विनोबांनी गीताई लिहिली ती आईला संस्कृत गीता कळत नव्हती म्हणून. तीच गीताई गोपुरीला शिळांवर कोरून उभी आहे. आईला कळेल अशा भाषेत, ही कसोटी आपल्या जिल्ह्यानंच देशाला दिली. 2011 च्या जनगणनेत सव्वा लाखाहून अधिक लोकांनी आपली भाषा कोलामी सांगितली. त्यांच्या पोरांच्या शाळेत पहिल्या दिवशी त्या भाषेतलं एक वाक्य तरी कानी पडावं, एवढी साधी मागणी अजून पुरी झालेली नाही.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये 2010 पासून सीजीनेट स्वर चालू झालं. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, परत फोन आला की आपलं गाऱ्हाणं, गाणं, बातमी गोंडीत सांगायची आणि दुसऱ्यानं तसाच फोन करून ऐकायची. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. 1918 साली मंगलसिंग मसराम यांनी घडवलेली गोंडी लिपी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली आणि मोबाइलवर टाइप करता येऊ लागली. ही दोन्ही कामं मोलाची. पण पहिलं आम्हांला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात एकानं सांगितलेलं दुसरा ऐकतो आणि उलट बोलतो.

वऱ्हाडीला पडदा मिळाला, हे खरं. रील्समध्ये ती रोज ऐकू येते. मात्र बहुतेक वेळा हशा पिकवण्यासाठीच. "कावून बे?" म्हटलं की लोक हसतात. तिच्यातला विनोद अस्सल आहे, तो हवाच. पण याच बोलीत उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक 1960 साली आपलं सगळं दुःख बोलून गेली. याच बोलीत पोळ्याला तोरणाखाली झडत्या होतात, लेक सासरी जाताना आई रडते, कर्जाचा हिशेब मांडला जातो. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही आनंदलो. त्या मराठीचं वय मोजताना जे पुरावे पुढं आले त्यांत वर्धा नदीपलीकडचं रिद्धपूर होतं, महानुभावांचं गद्य होतं. त्याच पंथातल्या महदंबेनं रुक्मिणीचे धवळे रचले ते लग्नातल्या बायकांच्या तोंडच्या गाण्याच्या चालीवर. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर आर्वीहून नदी ओलांडली की येतं. बायकांचं गाणं तेव्हा पोथीत गेलं, म्हणून आज आपल्याला मान मिळाला.

1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा दिवाळी अंक हीच नवी गोष्ट होती. त्याच वाटेनं यंदा आम्ही एक पाऊल टाकलं आहे. आमच्या या दिवाळी अंकात सात गोष्टी ज्या बोलीत ऐकल्या त्याच बोलीत छापल्या आहेत, प्रमाण मराठीत उतरवलेल्या नाहीत. प्रत्येकीशेजारी क्यूआर कोड आहे. फोन धरला की सांगणाऱ्याचा आवाज ऐकू येईल. गिरडच्या टेकडीवर नारळ-सुपारीसारखे दगड का सापडतात, ख्वाजा शेख फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचं काय झालं, ती गोष्ट आहे. दिवाळीतल्या गायगोधनाची आहे. एक कोलामीतली आहे, मराठी अर्थासह. प्रत्येक गोष्ट सांगणाऱ्यांना छापण्याआधी ऐकवली, त्यांनी दोन ठिकाणी आमच्या चुका दुरुस्त केल्या आणि मानधनाचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. या अंकातले ते लेखकच आहेत.

वाचकांकडं एक मागणं आहे. दिवाळीला घरी सगळे जमतील. फराळ झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, फोन मधे ठेवा आणि पोरांना भोवती बसवा. पोरांनी मधेच काही विचारलं, कुकरची शिट्टी झाली, शेजारी फटाका फुटला तरी बंद करू नका, कापू नका. मोठ्यांनी मधे बोलू नये, पोरांनी बोलावं. गावाचं नाव सुरुवातीला सांगा, सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्यांचंही. मग आमच्याकडं पाठवा आणि स्वतःजवळ दोन ठिकाणी ठेवा.

केळझरची गोष्ट अंकातली पहिलीच आहे. सातव्या मिनिटाला बस येते आणि तिच्या हॉर्नमध्ये आजीचं एक वाक्य बुडतं. आम्ही ते काढलं नाही. हॉर्न थांबल्यावर पोरगी म्हणते, "काय म्हन्लं? फिरून सांग." बस निघून जाते, आणि आजी बैलांपासून पुन्हा सुरू करते.