दवाखान्याचं बिल योजनेत बसतं, मग घरच्या शुश्रूषेचं काय? जोडीदार अंथरुणाला खिळल्यावर मदत कुठे मिळते?

पक्षाघात, खुब्याचं फ्रॅक्चर, पार्किन्सन्स किंवा कर्करोग. उपचार संपतात, डिस्चार्जचा कागद हातात पडतो आणि डॉक्टर सांगतात, 'आता घरीच काळजी घ्या.' कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीत ही काळजी अनेक घरांत रुग्णाची बायको किंवा नवराच घेतो. त्यांचं स्वतःचं वयही सत्तरीच्या आसपास असतं. खरा प्रश्न इथून सुरू होतो, कारण बहुतेक सरकारी योजना रुग्णालयाच्या दारापर्यंतच सोबत करतात.

5 लाखांचं कवच कुठे संपतं?

29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकतं. त्यावर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. डिस्चार्जनंतरची औषधं आणि तपासण्या 15 दिवसांपर्यंत योजनेत धरल्या जातात. पुढची काही वर्षं लागणारे डायपर, गादी आणि मदतनीस यांचा खर्च घरातूनच करावा लागतो.

साहित्य विकत घेण्याआधी

हॉस्पिटलचा पलंग, एअरबेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची या वस्तू काही महिन्यांपुरत्याच लागू शकतात. अनेक सामाजिक संस्था, गणेश मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघ त्या अनामत रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने देतात. रा. स्व. संघ जनकल्याण समितीची 'रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं' राज्यात अनेक ठिकाणी आहेत.

पेठेतल्या घरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. वाड्याचा जिना अरुंद असेल तर पलंग वर चढतच नाही. त्यामुळे आधी जिना आणि दार मोजून घ्या. शौचालय चौकात असेल तर पलंगाशेजारची कमोड खुर्ची सगळ्यात उपयोगी ठरते. रुग्ण पूर्ण झोपून असेल तर एअरबेड हवाच, पण गादी असली तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात आणि खर्च पुन्हा वाढतो.

औषधं आणि डायपर

जनऔषधी केंद्रांतली जेनेरिक औषधं ब्रँडेड औषधांपेक्षा 50 ते 90 टक्के स्वस्त असतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. 22 सप्टेंबर 2025 पासून क्लिनिकल डायपर आणि ग्लुकोमीटरवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिलावरचा दर तपासा.

माणूस कुठून आणायचा?

सर्वांत मोठा खर्च हाच. ब्युरो 12 किंवा 24 तासांसाठी मावशी किंवा वॉर्डबॉय पाठवतात. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. तेवढ्यात असा माणूस दोन-तीन दिवसही मिळणं कठीण.

पूर्ण पाळी परवडत नसेल तर सकाळी स्पंजिंग आणि कपडे बदलण्यापुरती दोन तासांची मदत घेता येते. येणारी व्यक्ती प्रशिक्षित नर्स आहे की फक्त मदतनीस, हे आधी विचारा. कॅथेटर आणि नाकातल्या नळीचं काम मदतनीसावर सोपवू नये. सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, हेही ठरवून घ्या.

रुग्ण कर्करोगाचा असेल तर वारज्यातलं सिपला पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून मोफत सेवा देतं आणि घरच्यांना शुश्रूषाही शिकवतं.

हातात येणारे पैसे

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील आणि 2 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना साहित्यासाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांना जुन्या करप्रणालीत 50,000 रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चावर वजावट घेता येते. मात्र रोखीने दिलेले पैसे त्यात चालत नाहीत. माहितीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे.

उणीव नेमकी कुठे?

केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअर धोरण आणलं. तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत नर्स घरी जाते, जखम बांधते, कॅथेटर बदलते आणि शुश्रूषा करणाऱ्याचीही विचारपूस करते. पुण्यातही महापालिकेचे दवाखाने वस्त्यांपर्यंत पोहोचलेले आहेत. पेठेपासून जवळच, मंगळवार पेठेत, कमला नेहरू रुग्णालय आहे. तिथून आठवड्याला एक नर्स घरोघरी गेली, तरी सत्तरीतल्या अनेक जोडप्यांचा भार हलका होईल.

ते होईपर्यंत डिस्चार्जच्या दिवशीच तीन गोष्टी लिहून घ्या: घरी कोणतं साहित्य लागेल, किती दिवस लागेल आणि कोणतं काम नर्सकडूनच करून घ्यायचं. शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःचं बीपी, शुगर तपासून घेणंही त्याच यादीत असू द्या. ती व्यक्ती आजारी पडली तर घरात दोन रुग्ण होतात.