सांजवेळेचे समूहगान कोणाचे?

गोमंतकातील चर्चसंगीताविषयी दोन मते सध्या मोठ्या आत्मविश्वासाने मांडली जातात. पहिले मत असे की, चर्चमध्ये अनेक आवाजांत गाइले जाणारे गाणे ही पोर्तुगीज अमदानीची उरलीसुरली खूण आहे. फिरंगी गेला, त्यामागोमाग तेही गेले तर शोक कसला करायचा? दुसरे मत त्याच गाण्याला 'वारसा' म्हणून हार घालते आणि महोत्सवाच्या मंचावर नेऊन बसवते. ही मते परस्परविरोधी दिसतात. परंतु दोहोंचा परिणाम एकच. गावच्या चर्चमध्ये, संध्याकाळच्या उपासनेत, गावच्याच माणसांनी एकत्र गायचे गाणे दोघांच्याही हिशेबात नाही. आमचा वाद नेमका या मुद्द्यावर आहे.

हे गाणे म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. कारण पेडणे-डिचोलीतील आमच्या पुष्कळ वाचकांनी ते रस्त्यावरून ऐकलेले असते, आत बसून ऐकलेले नसते. फेस्ताच्या आधीच्या नऊ संध्याकाळी नोव्हेना होतात. फेस्ताच्या पूर्वसंध्येला वेस्पर, म्हणजे स्तोत्रगायनाची सायंप्रार्थना, गाण्याची रीत जुनी आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात येशूच्या यातनांचे स्मरण करताना मोतेत गाइले जातात. लहानसा लॅटिन मजकूर, दोन किंवा तीन आवाज आणि साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट, डबल बास. आणि वाड्यावरच्या क्रुसापुढे होते ती लादाइन. मरियामातेची नामावळीच ती, एकाने नाव घ्यावे आणि सर्वांनी विनवणीचा प्रतिसाद द्यावा. आमच्या देवळात सांजारतीची घंटा वाजते त्याच सुमारास हे सारे चालते.

या गायनाचे मर्म भजनाहून वेगळे आहे. भजनात बुवा पुढे गातो आणि झीलकरी तीच चाल उचलून धरतात. येथे एका आवाजाने षड्ज धरला असता दुसरा त्याच क्षणी गंधारावर उभा असतो, आणि दोघांनी मिळून जे ऐकू येते ते एकट्याच्या गळ्यातून कधीच निघत नाही. म्हणून या गाण्याला एकच थोर गायक पुरत नाही. बेताच्या गळ्याची, पण स्वरलेखन वाचणारी आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकत गाणारी आठ-दहा माणसे लागतात. अशी माणसे आपोआप उगवत नाहीत. ती शिकवून तयार करावी लागतात.

आता 'परके' या आक्षेपाकडे वळू. भजनी मंडळाच्या मध्यभागी जी पेटी असते ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडली. तिच्या ठरीव स्वरांनी हिंदुस्थानी गायन बिघडते असे म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले, आणि ती बंदी सैल व्हायला तीन दशके जावी लागली. तेवढ्या काळात पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या कुठल्या भजनकऱ्याने पेटी अडगळीत टाकली? वस्तू कुठून आली यावरून ती आपली की परकी हे ठरत नाही. ती कोणी किती काळ वापरली आणि तिच्यात स्वतःचे काय घातले, यावरून ठरते. गोमंतकातील पुष्कळ मोतेतांच्या कर्त्यांची नावे ठाऊक नाहीत; परंतु गावोगावच्या वह्यांत ते उतरवून ठेवणारे, त्यांत भर घालणारे हात गोमंतकीय होते. चारशे वर्षे गाइलेले गाणे अजून पाहुणेच असेल, तर घरचे म्हणायचे कशाला?

मराठीच्या कैवाऱ्यांना तर हा आक्षेप मुळीच शोभत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आमच्या प्रत्येक भाषादिनाच्या व्यासपीठावर हटकून म्हटल्या जातात. पण त्या ओव्या गाइल्या कोठे जात, हा प्रश्न त्या व्यासपीठावर कोणी विचारत नाही. त्या चर्चमध्ये गाइल्या जात. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ कपाटासाठी रचलेला नव्हता. नवख्रिस्ती समाजाने एकत्र जमून मोठ्याने गावा यासाठीच त्याचा छंद ओवी होता. पुढे २७ जून १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांवर घाव घातला. सत्तेने त्या वेळी आमची भाषा चर्चबाहेर काढू पाहिली. आज आम्ही चर्चचे गाणे आमच्या संस्कृतीबाहेर काढावे, असा ज्यांचा सल्ला आहे, ते त्या फर्मानाचेच उरलेले काम पुरे करीत आहेत, असे आम्हांला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

दुसरा आक्षेप चर्चच्या आतूनच येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा आली, सर्वांनी मिळून गायचे ठरले, तेव्हा गायकवृंदाचे दिवस संपले, असे सर्रास सांगितले जाते. हे परिषदेच्या नावावर खपवलेले असत्य आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झालेल्या उपासनाविषयक घटनेत नेमके उलट सांगितले आहे : धर्मसंगीताचे भांडार जतन करावे, गायकवृंदांना प्रोत्साहन द्यावे, मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे, आणि रविवारी व सणांच्या दिवशी वेस्पर चर्चमध्ये सामुदायिकपणे व्हावे याची धर्मगुरूंनी काळजी घ्यावी. गोव्यात या आदेशाचा पहिला अर्धा भाग उत्तम पार पडला. फादर व्हास्को द रेगो यांच्यासारख्यांच्या परिश्रमांतून 'गायनांचो झेलो' हा कोंकणी गीतसंग्रह उभा राहिला, आणि लोक आपल्या भाषेत गाऊ लागले. पण भाषा बदलणे म्हणजे आवाजांची संख्या एकावर आणणे नव्हे. कोंकणी गीत दोन आवाजांत गाता येते, चार आवाजांतही गाता येते. गायकवृंदाच्या जागी एक ध्वनिक्षेपक आणि आयत्या तालाचा की-बोर्ड आला, तो परिषदेच्या आज्ञेने नव्हे, आळसाने आला.

'गाणार कोण? मुले तर परदेशी गेली', असे यावर उत्तर मिळते. स्थलांतर खरे आहे, पण ते नवे नाही. गेल्या शतकात गोव्याचे वादक जथ्याजथ्याने मुंबईला गेले, आणि तरीही गावची चर्चे मुकी झाली नाहीत. कारण चर्चला लागून असलेल्या शाळेत मेस्त्री नवी मुले तयार करीत होता. मेस्त्री म्हणजे पोर्तुगीज 'मेस्त्र', शिक्षक. आपला गवंडी-सुतार मिस्त्रीही त्याच शब्दाचा वंशज. धर्मशिक्षणाबरोबर तो सॉल्फेज शिकवी, म्हणजे स्वर वाचून गायला लावी, आणि हाती व्हायोलिन देई. माजोर्ड्याचे आंतोनी गोन्साल्विस अशाच घरात वाढले. त्यांचे वडील तेथील चर्चचे गायनप्रमुख होते. मुंबईत त्यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवले, आणि १९५८ साली हिंदुस्थानी राग पाश्चात्त्य वाद्यवृंदातून मांडण्याचा धाडसी प्रयोग केला. १९७७ च्या त्या चित्रपटगीतात त्यांचे नाव साऱ्या देशाने गुणगुणले. त्या नावामागची चर्चच्या आवारातली शाळा मात्र कोणाला आठवत नाही. खंत माणसे गेल्याची नाही. जागा भरून काढणारी शाळा सुकली, याची आहे.

महोत्सववाल्यांशी आमचे भांडण इथेच आहे. जुन्या गोव्यातील मोंतीच्या कपेलात होणारा संगीत महोत्सव आम्हांला प्रिय आहे. १९५२ साली आंतोनियु द फिगेरेदु यांनी स्थापलेली संगीत अकादमी आणि तिचा वारसा पुढे चालवणारी कला अकादमी यांचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु मंचावरचे गाणे हे फूल आहे. गावच्या चर्चमधली आठवड्याची तालीम हे मूळ आहे. मंचावर निवडक गळे बोलावले जातात, आणि न निवडलेल्यांनी घरी बसून टाळ्या वाजवायच्या असतात. सायंप्रार्थनेत मात्र दुकानदार, शिक्षिका, दहावीचा मुलगा आणि सत्तरीची आजी यांना एकमेकांशी आवाज जुळवावा लागतो. ही सामाजिक शिस्त तिकिटाने विकत मिळत नाही.

पेडणे आणि डिचोली यांचा विचार येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. साष्टी-बार्देशच्या मानाने येथील चर्चे पुष्कळ उशिराची आणि येथील ख्रिस्ती समाज थोडका. डिचोलीचे कृपामातेचे चर्च, पेडण्याचे संत जोसेफाचे, हरमलचे कार्मेलमातेचे, ही मराठी भजनांच्या शेजारात उभी असलेली देवालये आहेत. येथे साष्टीच्या भव्य गायकवृंदांची मोजपट्टी लावणे अन्यायाचे होईल. पण दोन आवाजांच्या गाण्याला मोठा जमाव लागतच नाही. चार नेटकी माणसे आणि एक व्हायोलिन यांवर लादाइन उभी राहते. लहान समाज ही सबब नव्हे.

आणि शेजार म्हणाल तर तो आम्हांला नवा नाही. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, असे आमचा लोकसमज सांगतो. एकीकडून मोगरीची फुले जातात, दुसरीकडून तेल येते. ज्या तालुक्याने देवतांत नाते जोडले, त्याने गाण्यात सोवळे पाळावे हे विपरीत आहे. त्याच शिरगावचे नाव लावणाऱ्या मनोहरबुवांच्या स्मृत्यर्थ कला अकादमी भजनी स्पर्धा घेते. तीत पुरुष, महिला आणि बालकलाकार असे तिन्ही गट उतरतात. भजनाला पुढची पिढी मिळावी म्हणून समाजाने आणि शासनाने हात दिला, याचा आम्हांला अभिमान आहे. तोच न्याय शेजारच्या गाण्याला नको काय?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक चर्चमध्ये आणि जुन्या मेस्त्रींच्या घरी पडून असलेल्या हस्तलिखित स्वरवह्यांची नोंद व्हावी, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मूळ वही गावातच राहावी. वाळवीला कोंकणी, मराठी, लॅटिन असा भेद कळत नाही. दोन-तीन चर्चे मिळून एक पगारी संगीतशिक्षक नेमला जावा, आणि त्याच्या वर्गाला कोणत्याही धर्माच्या मुलाला मज्जाव नसावा. महिन्यातून एका रविवारी तरी वेस्पर पूर्ण गाइले जावे, आयत्या तालाविना. आणि मराठी नियतकालिकांनी मोतेत आणि लादाइन यांवर अभंग आणि ओवी यांच्याइतक्याच आस्थेने लेखन छापावे.

लिपी कोणती, राजभाषा कोणती, हे वाद गोव्यात १९८७ च्या कायद्यानंतरही मिटले नाहीत, आणि ते इतक्यात मिटतील असे दिसत नाही. ते चालू द्यावेत. पण ज्या गावात सांजारती आणि लादाइन एकाच वाऱ्यावर ऐकू येतात, त्या गावाचे एक गाणे बंद पडले तर दुसऱ्याची श्रीमंती वाढत नाही. गाव अर्धे मुके होते. हे ज्यांना चालणार असेल त्यांनी तसे उघड म्हणावे. आम्हांला ते चालणार नाही.